इंजिन उतरवलंय, आता ठेवायचं कुठे? घरी बनवायच्या चाकांच्या स्टँडचं सगळं काम

गाडीचा पत्रा खाऱ्या हवेने खाल्ला, फ्लोअर कापून नवा घालायचा, म्हणून इंजिन खाली उतरवलं. म्हापसा असो की मडगाव, पुढचं बहुतेक ठिकाणी ठरलेलं असतं: इंजिन जुन्या टायरवर बसवायचं, वर ताडपत्री टाकायची आणि पत्र्याचं काम संपायची वाट बघायची. दोन दिवसांपुरतं ते चालतं. पण पत्र्याचं काम दोन दिवसांत संपत नाही, आणि मे महिन्यात उतरवलेलं इंजिन बघता बघता चतुर्थीपर्यंत तिथेच बसतं.

टायरवर ठेवलेल्या इंजिनाचं सगळं वजन खालच्या चेंबरवर, म्हणजे तेलाच्या भांड्यावर येतं. चेंबर पत्र्याचा असेल तर तो आत दबतो. त्याच्या तळापासून थोड्याच अंतरावर तेल ओढणारी जाळी असते. तळ वर सरकला की जाळीचं तोंड आवळतं आणि बेअरिंगला तेल कमी पोचतं. बाहेरून एवढासा पोचा दिसतो, पण इंजिन परत बसवून चालू केल्यावर ऑइलचा दिवा विझत नाही तेव्हा कारण सापडत नाही. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर तो दबत नाही, सरळ तडकतो.

म्हणून स्टँड कसाही बनवा, एक गोष्ट सोडायची नाही: इंजिनाचं वजन ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव अंगाच्या) आट्यांवर आणि फाउंडेशनच्या, म्हणजे इंजिन गाडीला जिथे बसतं त्या जागांवर यायला हवं. चेंबर, पुली, मॅनिफोल्ड यांपैकी कशालाही खालून टेकू लागता कामा नये.

बाजारात तयार मिळणारा फिरता स्टँड, ज्याला इंजिन मागच्या बाजूने टांगतात, तो इंजिन खोलायला उत्तम. साठवणीसाठी आम्ही तो सुचवणार नाही. त्यात सगळं वजन चार बोल्टांवर पुढे लोंबकळत राहतं आणि चाकं इतकी लहान असतात की चिऱ्यांच्या अंगणात ती जागची हलत नाहीत. इथे दिलाय तो बुटका, चार पायांचा, इंजिनाला दोन्ही टोकांनी धरणारा स्टँड.

आधी वजन, मग लोखंड

मारुती ८०० चं तीन सिलिंडरचं इंजिन दोन धडधाकट माणसं उचलतात. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन गिअरबॉक्स धरून दीडशे किलोच्या आसपास जातं, आणि जीपचं जुनं डिझेल अडीचशेच्या घरात. खालची मापं दीडशे किलोपर्यंतच्या इंजिनासाठी आहेत. जीपवाल्यांनी ४० मिमीच्या जागी ५० मिमीचा पाइप आणि त्याहून दणकट चाकं घ्यावीत, बाकी रचना तीच.

चाकांचा हिशेब चारने भागून करू नका. आपल्याकडची जमीन सपाट नसते, त्यामुळे ढकलताना बहुतेक वेळ एक चाक अधांतरी आणि वजन तीनच चाकांवर असतं. इंजिन १५० आणि स्टँड ३० असे १८० किलो धरले, तर तीनने भागून ६० येतात. त्यावर दीडपट सुरक्षा धरली की ९०. म्हणजे प्रत्येकी १०० किलो क्षमतेचं चाक घ्यायचं. दुकानदार चारही चाकांची मिळून क्षमता सांगतो की एकाची, हे आधी विचारून घ्या.

चाकाचा व्यास १०० मिमीपेक्षा कमी नको. ५० मिमीचं चाक सेंटीमीटरभर उंचीच्या उंबऱ्याला अडतं, आणि चाक अडलं तरी वरचं इंजिन पुढे जायचं थांबत नाही. स्टँड पालथे होतात ते बहुतेक असेच. चाक पीयूचं (पॉलियुरेथेनचं) घ्या. ओतीव लोखंडी चाक लाल सिमेंटच्या जुन्या जमिनीचे टवके काढतं, आणि मऊ रबराचं चाक चार महिने एकाच जागी उभं राहिलं की खालून चपटं होतं.

सामानाची यादी

- ४०×४०×३ मिमी चौरस पाइप, ६ मीटरची एक लांबी (सुमारे २० किलो)
- ७५×८ मिमी पट्टी, १ मीटर
- ५०×५०×६ मिमी अँगल, अर्धा मीटर
- ५०×६ मिमी पट्टी, अर्धा मीटर
- चाकांखाली ६ मिमीच्या चार प्लेटी, चाकाच्या प्लेटीहून किंचित मोठ्या
- १०० मिमीची फिरती चाकं चार, त्यातली दोन ब्रेकची
- बुशसाठी (पाइपात बोल्टाभोवती घालायच्या तुकड्यांसाठी) बाहेरून १६ मिमी, आतून १२ मिमीची नळी, पाऊण मीटर
- ८.८ ग्रेडचे १० मिमीचे बोल्ट, नायलॉक नट, जाड वॉशर
- २.५ मिमीचे ६०१३ वेल्डिंग रॉड, रेड ऑक्साइड, एनॅमल

लोखंड वजनावर मिळतं, तेव्हा वजन आपल्यासमोर करून घ्या. वजन बरंच कमी भरलं तर पाइपाची जाडी ३ मिमी नाही, २ मिमी आहे असं समजा. भंगारात चकचकीत जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पाइप स्वस्तात मिळतो, पण तो घेऊ नका. वेल्डिंग करताना जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की रात्री हुडहुडी भरून ताप येतो. घासून जस्त काढता येतं, पण पाइपाच्या आतलं कोण काढणार?

लाकडाची चौकट काही जण करतात. मट्टीच्या जाड वाशांची बनवली तर वजन सहज पेलते, मात्र ती जमिनीलगत ठेवून पावसाळा काढलात तर वाळवीला आमंत्रण.

मोजमाप

इंजिन चेनपुलीवर टांगलेलं असतानाच मापं घ्या. चेनपुली कौलारू घराच्या वाशाला किंवा माडाच्या आड्याला कधीच अडकवायची नाही. ते लाकूड कौलांचं पसरलेलं वजन घेण्यासाठी आहे, एका जागी लोंबणारं दीडशे किलो घेण्यासाठी नाही. फणसाची फांदीही नको, ती मोडण्याआधी सूचना देत नाही. लोखंडी तिकाटणं किंवा भाड्याची इंजिन क्रेन आणा. साखळी इंजिनाच्या मूळ उचलकड्यांत अडकवा. कड्या नसतील तर हेडच्या रिकाम्या आट्यांत ८.८ चा बोल्ट आणि जाड वॉशर घालून साखळी धरा. इनटेक मॅनिफोल्डला साखळी लावायची नाही.

चार मापं लागतात: चेंबरच्या तळापासून मागच्या बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्स जिथे जोडतो त्या चेहऱ्यावरच्या) भोकांची उंची, त्याच भोकांमधलं आडवं अंतर, पुढच्या बाजूच्या फाउंडेशनच्या भोकांची उंची, आणि मागचा चेहरा ते पुढची भोकं हे अंतर. भोकांचा नकाशा टेपने काढू नका, दोन-तीन मिमीची चूक होतेच. गॅस्केट कापायची गराजातली जुनी पद्धत इथे वापरा. जाड पुठ्ठा ब्लॉकच्या चेहऱ्यावर धरून भोकाच्या कडेवर गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्या, पुठ्ठा भोकाच्या आकारात कापला जातो. एका भोकात बोल्ट घालून पुठ्ठा अडकवा आणि मग दुसरं भोक ठोका. हाच पुठ्ठा पुढे पट्टीवर ठेवून सेंटर पंच मारायचा.

बोल्टचे आटे जुळवताना घाई नको. जपानी घराण्याच्या गाड्यांत १० मिमीचा बोल्ट बहुधा १.२५ पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी) असतो, तर हार्डवेअरच्या दुकानात समोर येतो १.५ चा. तो दोन आटे हाताने जातो, मग अडतो, आणि तिथे पाना लावला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे गेलेच. गाडीतून निघालेला मूळ बोल्ट नमुना म्हणून दुकानात न्या. लांबीचंही तसंच आहे: अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट व्यासाच्या दीडपट आत जायला हवा, बिडाच्या ब्लॉकमध्ये व्यासाइतका पुरतो.

कापणी आणि खालची चौकट

पाइपाचे तुकडे असे: ८०० मिमीचे दोन, ५२० मिमीचे तीन, उभ्या खांबांसाठी साधारण ३५० मिमीचे चार, आणि तिरप्या टेकूंसाठी ३०० मिमीचे दोन. मिळून सव्वापाच मीटरच्या आत बसतं आणि चुकीसाठी पाऊण मीटर उरतो. खांबांची नेमकी लांबी तुमच्या मापावरून काढा. चेंबरचा तळ चौकटीच्या वरच्या पातळीपासून निदान ७५ मिमी वर राहिला पाहिजे, म्हणजे मधल्या आडव्यापासून तो सुटा राहील आणि तेल काढायचा ट्रे खालून सरकवता येईल.

चौकटीची बाहेरची रुंदी ६०० मिमी येते. ती कमी करायचा मोह होतो, कारण गराजाची दारं अरुंद. पण फिरतं चाक वळतं तेव्हा त्याचा जमिनीला टेकणारा बिंदू आत येतो, दोन्ही बाजूंची चाकं आत वळली की उभं राहायचं माप सात-आठ सेंटिमीटरने घटतं. चाकांमधलं अंतर इंजिनाच्या वजनाच्या मध्याच्या उंचीच्या दीडपट हवं असा हिशेब ठेवा. मध्य जमिनीपासून ४०० मिमीवर असेल तर ६०० मिमी हवेत. म्हणजे इथे हातात जास्तीचं काहीच नाही. दार अरुंद असेल तर स्टँड लांबीच्या बाजूने आत घ्या. क्रेनच्या पायांमधली जागाही मोजून ठेवा, चौकट त्यांच्या मधून जायला हवी.

दोन लांब आणि दोन आडवे तुकडे जमिनीवर मांडून गुण्या लावा आणि प्रत्येक कोपऱ्याला आधी फक्त टाका (वेल्डचा छोटा ठिपका) मारा. मग दोन्ही कर्ण मोजा. फरक २ मिमीपर्यंत असेल तर पुढे जा, जास्त असेल तर लांब कर्णाच्या कोपऱ्यावर हातोडा मारून सरळ करा. पूर्ण वेल्डिंग एका कोपऱ्यापासून सुरू करून गोल फिरत करायचं नाही. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने घ्या, नाहीतर उष्णतेने चौकट पिळते आणि एक चाक कायमचं हवेत राहतं.

तीन मिमीच्या पाइपाला २.५ मिमीचा रॉड आणि ७० ते ८५ अँपिअर पुरे. पावसाळ्यात रॉड ओल धरतात, चाप तडतडतो आणि वेल्डमध्ये बारीक भोकं राहतात. वापरण्याआधी रॉड तासभर १०० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवा. ओल्या जमिनीवर उभं राहून वेल्डिंग नको. पायाखाली कोरडी फळी, पायात बूट, आणि लाइनवर अर्थ लीकेज ब्रेकर. कमी व्होल्टेज असताना मशीनचा करंट पडतो, रॉड चिकटतो आणि वेल्ड वर बसल्यासारखा दिसतो पण आत शिरत नाही. अशा वेळी काम थांबवा, अँपिअर वाढवून मारामारी करू नका.

चाकांच्या प्लेटी चौकट पालथी घालून कोपऱ्यांवर वेल्ड करा, चाकं मात्र बोल्टने लावा. चाक मोडतं, बदलावं लागतं. शिवाय चारांपैकी एक उचललेलं राहिलं तर त्याच्या प्लेटीखाली वॉशर घालून पातळी काढता येते. ब्रेकची दोन्ही चाकं एकाच टोकाला लावा. चारही चाकं फिरती असली की अरुंद जागेत स्टँड कडेने सरकतो, पण उतारावर तो मनाला येईल तिकडे जातो. पोर्चच्या रॅम्पवरून नेहमी चढ-उतार असेल तर एका टोकाची दोन सरळ घ्या.

खांब, कान आणि बुश

मागचे दोन खांब लांब पाइपांवर वेल्ड करायचे आणि प्रत्येकाला पुढच्या दिशेने ४५ अंशांत ३०० मिमीचा टेकू द्यायचा. ढकलताना बसणारा सगळा धक्का हीच जोडी घेते. टेकू ऑइल फिल्टरच्या किंवा स्टार्टरच्या आड येत नाही ना, हे टाका मारण्याआधी बघा. पुढचे दोन खांब वेल्ड करू नका. प्रत्येकाच्या पायाला ५०×६ ची १५० मिमी लांब पट्टी लावा, पट्टीच्या दोन्ही टोकांपासून २५ मिमीवर ११ मिमीची भोकं पाडा, आणि लांब पाइपाला बोल्टने घट्ट करा. खांब आणि पट्टीच्या कोनात ६ मिमी पत्र्याचा छोटा त्रिकोण भरा, तो मात्र बोल्टाच्या आड न येईल असा आतल्या बाजूला. उद्या दुसरं इंजिन आलं की हे दोन खांब फक्त सरकवायचे.

पोकळ पाइपातून आरपार बोल्ट घालून नट आवळला की पाइपाच्या भिंती आत दबतात. आज घट्ट वाटलेला नट महिन्याने सैल निघतो. म्हणून जिथे जिथे बोल्ट पाइपातून जातो तिथे बुश हवा. दोन्ही भिंतींना १६ मिमीचं भोक पाडा, ४० मिमीचा नळीचा तुकडा आरपार घाला, दोन्ही बाजूंनी वेल्ड करून ग्राइंडरने सपाट करा. हे किचकट काम आहे आणि सगळे तेच टाळतात. टाळू नका.

बेल हाउसिंगच्या बाजूला ७५×८ च्या पट्टीचे दोन कान, म्हणजे इंजिन खांबाला जोडणारे तुकडे, करायचे. कानाचं एक टोक खांबाच्या चेहऱ्यावर उभ्या रेषेतल्या दोन बोल्टांनी (४० मिमी अंतर), दुसरं टोक ब्लॉकच्या भोकांना. पट्टी उभी धरली की ७५ मिमीची बाजू वजन घेते, कान वाकत नाही. आडवी लावली तर तीच पट्टी डोळ्यांदेखत झुकते. फ्लायव्हीलच्या दात्यांपासून कानाला निदान १० मिमी सुट्टं ठेवा, कारण क्रँक हाताने फिरवायची आहे, त्याचं कारण पुढे येतंच. कानातली इंजिनाकडची भोकं आडवी लांबट करा, १२ मिमीच्या बोल्टासाठी १३×२५ इतकी. पुढच्या बाजूला ब्लॉकची भोकं कडेला तोंड करून असतात, तिथे पट्टीऐवजी अँगल लावावा लागतो.

गिअरबॉक्ससकट ठेवायचं असेल तर बेल हाउसिंगची भोकं मोकळी नसतात. मग मागचा आधार गिअरबॉक्सच्या फाउंडेशनला द्या आणि लांब पाइप ८०० ऐवजी इंजिनाच्या लांबीप्रमाणे वाढवा.

रंग आणि चाचणी

पाइपाची उघडी तोंडं ३ मिमी पत्र्याने बंद करून वेल्ड करा. तरीही खालच्या बाजूला प्रत्येक पाइपात ६ मिमीचं एक भोक ठेवा. आत गेलेली ओल बाहेर पडायला वाट नसेल तर पाइप आतून कुजतो, आणि ते रंगावरून कळत नाही. स्लॅग ठोकून, तारेच्या ब्रशने घासून, थिनरने पुसून त्याच दिवशी रेड ऑक्साइडचे दोन हात मारा. वेरे किंवा कोलव्याच्या बाजूला घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं तर सकाळी त्यावर तांबूस साय आलेली असते. पावसात रंग द्यायचाच असेल तर उघडीप बघून दुपारी.

इंजिन चढवण्याआधी स्टँडवर सव्वापट वजन चढवून बघा. सिमेंटची पोती ५० किलोची असतात, चार पोती म्हणजे दोनशे. पावसात दगड झालेली असतील तर उत्तम, त्यांचा तेवढा तरी उपयोग. कानांवर जाड फळ्या टाकून पोती त्यावर ठेवा, चौकटीवर नाही. तासभर ठेवून स्टँड चार-पाच मीटर ढकला, मग वेल्डच्या कडेला रंगात केसाएवढी भेग दिसते का ते टॉर्चने तपासा. भेग दिसली तर तो सांधा घासून काढून परत वेल्ड करा, वरून नुसता लेप देऊ नका.

इंजिन बसवणं

कान आधी इंजिनाला लावा, खांबांना नाही. इंजिन टांगलेलं असताना सगळे बोल्ट हाताने शेवटपर्यंत फिरवा. मग इंजिन हळूहळू खाली घ्या, कान खांबांच्या चेहऱ्याशी आले की बोल्ट सरकवा. भोक जुळत नसेल तर पहारीने ओढू नका, लांबट भोकातला बोल्ट सैल करा. साखळी एकदम सोडायची नाही. आधी अर्धं वजन स्टँडवर टाका, चारही कोपरे बघा, सगळे नट आवळा, मगच पूर्ण. साखळी सुटल्यावर नट पुन्हा एकदा.

पिकअपमधून न्यायचं झाल्यास चाकांवर विसंबू नका, ब्रेकच्या चाकांवर तर मुळीच नाही. चौकटीखाली लाकडी ठोकळे घालून चाकं अधांतरी करा आणि चार रॅचेट पट्टे चार कोपऱ्यांना ओढा. दिवाडी किंवा चोडणला फेरीबोटीतून जाणार असाल तर रॅम्पच्या तोंडाशी गाडीचं नाक एकदम वर उचललं जातं. त्या क्षणी पुढे ओढणारे पट्टे काम करतात, नुसते कडेला बांधलेले नाहीत.

पावसाळाभर ठेवताना

कूलंट पूर्ण काढा, ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडून. रेडिएटरचा पाइप सोडला म्हणजे ब्लॉक रिकामा झाला असं होत नाही. तेल मात्र रिकामं ठेवू नका. जुन्या तेलात आम्ल आणि पाणी असतं, ते काढून नवं भरा. प्रत्येक प्लगच्या भोकातून १० ते १५ मिलिलिटर इंजिन ऑइल सोडा आणि क्रँक पान्याने दोन फेरे फिरवा. दिशा जपा: बहुतेक इंजिनं पुलीच्या बाजूने बघितली तर घड्याळाच्या दिशेने फिरतात, पण १९९८ ची पहिली होंडा सिटी उलट फिरते. टायमिंग बेल्ट असलेलं इंजिन उलट दिशेने ओढलं तर बेल्टचा ताण सुटून दाता सरकू शकतो.

सगळी तोंडं बंद करा, पण चिंधी कोंबून नाही. कापड ओल धरतं आणि ती नेमकी व्हॉल्व्हजवळ पोचवतं. तीन मिमीच्या प्लायवूडचे तुकडे गॅस्केटच्या आकारात कापून बोल्टने लावा. कुंभारमाशीला एक्झॉस्टचं भोक फार आवडतं. तिने आत चिखलाची घरं केली की ती फोडताना माती सिलिंडरमध्ये जाते. घासलेल्या चेहऱ्यांवर आणि फ्लायव्हीलवर ग्रीसचा पातळ हात द्या.

इंजिन प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. दिवसा आत वाफ होते, रात्री तिचे थेंब होतात, आणि बाहेर कोरडं असलेलं इंजिन आत भिजतं. आधी जुनी सुती चादर, वर ताडपत्री, आणि खालचा अर्धा फूट उघडा. आत अर्धा किलो सिलिका जेल टांगा. निळे दाणे गुलाबी झाले की ओव्हनमध्ये १२० अंशांना तापवून परत वापरता येतात.

महिन्यातून एकदा क्रँक एक पूर्ण फेरा आणि वर पाव फेरा फिरवा, म्हणजे दर वेळी वेगळ्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा दबलेल्या राहतात आणि रिंगा सिलिंडरच्या एकाच रेषेवर गंज धरत नाहीत. हात फिरवताना कुठे अडलं तर जोर लावू नका. प्लग काढा, त्या सिलिंडरमध्ये पुन्हा थोडं तेल सोडा आणि रात्रभर थांबा.